‘परवानगी नाकारली’ : एका संदेशाचा साठ वर्षांचा इतिहास

भिलाईच्या सेक्टर २ मधल्या क्वार्टरात वाढलेल्या मुलाला घर आणि मालकी यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. कारखान्याने राहायला दिलेल्या घरात कुटुंबाने आपले कपाट ठेवावे, अंगणात तुळस लावावी, भिंतीवर दिनदर्शिका टांगावी. पण पाण्याची मुख्य वाहिनी तोडून दुसरीकडे वळवावी म्हटले, तर ते त्याच्या अधिकारात बसत नाही. ती वाहिनी शेजारच्या घरांतूनही गेलेली असते. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला. दुर्ग जिल्हा त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांत शेजारी झाली. सामायिक वसाहतीचे नियम त्यांच्या अंगवळणी पडले.

अशाच एखाद्या घरातला विद्यार्थी रात्री लॅपटॉप उघडतो. भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी त्याला एक संगणकीय साधन हवे असते. ते चित्रांच्या खिडक्यांतून बसत नाही, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून बसवावे लागते. तो आज्ञा देतो, काही ओळी सरकतात आणि अखेरीस दोन शब्द उमटतात : परवानगी नाकारली. संगणक त्याचा, वीज त्याच्या घरची, पासवर्डही त्याचाच. मग परवानगी कोणाची? अशा वेळी कोणी अनुभवी मित्र तत्परतेने सांगतो की आज्ञेच्या आधी ‘सुडो’ हा शब्द लाव. तो लावताच काम होते, आणि का झाले हा प्रश्न तिथेच राहून जातो.

हा प्रश्न सोडून देण्याची किंमत पुढे मोजावी लागते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले : पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे, सुमारे १३० कोटी रुपये खर्चून. पुण्याचा महासंगणक महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. अशा सामायिक यंत्रावर सर्वाधिकाराची किल्ली सामान्य संशोधकाच्या हाती दिली जात नाही. ज्याने केवळ ‘सुडो’ लावूनच साधने बसवली, त्याचा हात तेथे पहिल्याच दिवशी अडतो. म्हणून त्या दोन शब्दांमागचा इतिहास जाणणे हे कुतूहलापुरते उरत नाही.

संगणकाच्या पहिल्या पिढीत परवानगी हा शब्द यंत्रात कोठेच नव्हता. ती माणसांच्या हाती होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशभरातील संशोधकांची गणिते तेथे सोडवली जाऊ लागली. संशोधकाने छिद्रित पत्त्यांची चळत द्यायची, चालकाने ती यंत्रात घालायची आणि छापील उत्तर यथावकाश मिळायचे. एका वेळी यंत्रात एकाचेच काम चाले. दुसऱ्याच्या फाइलवर हात पडण्याचा प्रसंगच फारसा येत नसे, कारण यंत्राच्या दाराशी माणूस उभा होता.

हे दार अमेरिकेतील एमआयटीत उघडले. १९६१ च्या नोव्हेंबरात फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस या कालविभाजन प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकाच यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटला गेला आणि अनेक माणसे आपापल्या टंकयंत्रावर बसून एकाच वेळी काम करू लागली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. त्याच्या मागोमाग पासवर्डाची पहिली चोरीही आली. अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेले यंत्राचे तास अपुरे पडत होते. १९६२ मध्ये त्याने पासवर्डांची संपूर्ण फाइल छापून घेण्याची युक्ती शोधली आणि इतरांच्या नावाने काम चालू ठेवले.

त्याहून बोधप्रद अपघात १९६६ चा. सीटीएसएसवर एके दिवशी जो कोणी प्रवेश करी, त्याच्यासमोर स्वागताच्या संदेशाऐवजी सर्व वापरकर्त्यांचे पासवर्ड छापले जाऊ लागले. कोणी घुसखोर नव्हता. एक व्यवस्थापक पासवर्डांची फाइल दुरुस्त करीत होता, दुसरा त्याच वेळी दिवसाचा संदेश लिहीत होता. दोघेही एकाच सामायिक जागेत काम करीत होते आणि संपादनाची आज्ञावली तात्पुरत्या फाइलीला ठरावीक एकच नाव देत असे. दोन फाइलींची अदलाबदल झाली. त्या जागेत एका वेळी एकच माणूस लिहील, असे आज्ञावली रचणाऱ्यांनी गृहीत धरले होते. कोर्बातो यांनी १९९० च्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात हा प्रसंग आवर्जून सांगितला. सामायिक जागेत कोणी, कोठे, काय लिहावे हे ठरवल्यावाचून चालणार नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

ते ठरवण्याची जी रीत आज जगभर रूढ आहे, तिचा उगम बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवली. तिची पहिली नियमपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. प्रत्येक फाइलीला एक मालक आणि परवानग्यांची मोजकी खूण, ही व्यवस्था तेव्हापासूनच होती. गटाची कल्पना पुढे जोडली गेली. आज मालक, गट आणि इतर अशा तिघांना वाचणे, लिहिणे आणि चालवणे असे तीन अधिकार दिले वा नाकारले जातात. तीन त्रिक नऊ. ही नऊ अक्षरे म्हणजे फाइलीचा सातबाराच : जमीन कोणाच्या नावे, वहिवाट कोणाची, हे एका ओळीत.

या उताऱ्यात एक बारकावा आहे आणि साधने बसवताना होणारी बहुतेक अडवणूक त्यातूनच उद्भवते. फोल्डरात नवी फाइल ठेवायची असेल, तर त्या फोल्डरावर लिहिण्याचा अधिकार लागतो. नवे साधन बसवणे म्हणजे काही फाइली ठरावीक फोल्डरांत ठेवणे. प्रणालीचे मुख्य फोल्डर ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या मालकीचे असतात. विद्यार्थी स्वतःच्या नावाने आत आलेला असतो. रूटच्या अंगणात खड्डा खणण्याचा अधिकार त्याच्या नावावर नसतो. यंत्र विकत घेतले म्हणून हा उतारा बदलत नाही. संदेश खरा असतो, आज्ञाही बहुधा बरोबर असते. चुकलेली असते ती जागा.

मात्र नियम इतके काटेकोर ठेवले की कामे अडतात. स्वतःचा पासवर्ड बदलायचा तर सर्वांच्या पासवर्डांच्या फाइलीत एक ओळ लिहावी लागते, आणि ती फाइल तर रूटची. रिची यांनी यावर काढलेला तोडगा मुखत्यारपत्रासारखा होता. एखाद्या आज्ञावलीवर विशेष खूण केली, की ती चालवणारा कोणीही असो, तेवढ्या कामापुरती ती आपल्या मालकाच्या अधिकाराने चालते. या कल्पनेच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला, १९७९ मध्ये ते मंजूर झाले आणि बेल प्रयोगशाळेने ते सर्वांना खुले करून टाकले. साधारण त्याच काळात, १९७५ मध्ये, जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी आपल्या निबंधात किमान अधिकाराचे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले : प्रत्येक आज्ञावलीला आणि प्रत्येक वापरकर्त्याला कामापुरताच अधिकार असावा.

‘सुडो’चा जन्म या विचाराच्या सावलीत झाला. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला. रूटचा पासवर्ड अनेकांना वाटण्यापेक्षा ठरावीक माणसांना, ठरावीक आज्ञांसाठी, नोंद ठेवून अधिकार उसना द्यावा, हा त्याचा हेतू होता. अधिकाराला आवर घालण्यासाठी घडवलेले हे साधन पुढे घरोघरच्या संगणकांवर नेमके उलट वापरले गेले. अडथळा दिसला की न वाचता तो ओलांडण्याची ती सवय झाली.

त्या सवयीला घरगुती संगणकाचा इतिहास कारणीभूत आहे. डॉस प्रणालीत वापरकर्ते आणि परवानग्या हा विचारच नव्हता. २००१ च्या विंडोज एक्सपीत तो होता, पण घरातील बहुतेक खाती सर्वाधिकारीच असत. २००७ च्या व्हिस्टाने मध्ये थांबवून विचारायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी कटकट म्हणून नाके मुरडली. लिनक्स आणि मॅक यांनी युनिक्सची रीत घरात आणली. तेथे नियम जुन्या सामायिक यंत्रांचे होते आणि माणूस मात्र एकटाच. एकट्याच्या घरात कुलपे कशाला, असे त्याला वाटणे स्वाभाविक होते.

पण आजच्या संगणकावर तो एकटा नसतोच. त्याने बसवलेले एक साधन आणखी पन्नास साधनांवर उभे असू शकते. ती त्याने न पाहिलेल्या माणसांनी लिहिलेली असतात आणि बसता बसताच स्वतःच्या काही आज्ञा चालवू शकतात. ‘सुडो’ लावले की त्या सगळ्यांना तेवढ्या वेळापुरते रूटचे मुखत्यारपत्र मिळते. २०१० मध्ये सुरू झालेल्या एनपीएम या लोकप्रिय साधनाच्या बाबतीत याचे प्रत्यंतर आले. २०१८ च्या फेब्रुवारीत तिची ५.७.० ही आवृत्ती आली. काही लिनक्स यंत्रांवर ती ‘सुडो’सह चालवताच प्रणालीच्या मूळ फोल्डरांची मालकीच बदलू लागली आणि यंत्रे निकामी झाली. हेतू वाईट नव्हता, दोष आज्ञावलीतला होता. लगोलग ५.७.१ ही दुरुस्त आवृत्ती आली. ज्यांनी साध्या खात्याने काम केले होते, त्यांच्या यंत्राला धक्का लागला नाही, कारण तोच दोष त्यांच्या बाबतीत ‘परवानगी नाकारली’ या भिंतीवर आपटून थांबला.

विज्ञानाच्या दृष्टीने याहून गंभीर प्रसंग क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये घडला. राखीव प्रती ठेवण्याच्या प्रणालीतील एक आज्ञासंच बदलला गेला. जुना चालू असतानाच त्यावर नवा लिहिला गेला आणि जुन्या नोंदी पुसण्याची आज्ञा संशोधकांच्या साठ्यावरच चालली. सुमारे ७७ टेराबाइट आणि ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइली गेल्या. १४ संशोधनगटांना झळ बसली. ज्या हाताला कोणतीही भिंत अडवू शकत नाही, त्याच्या एका चुकीला ती गिळंकृत करू द्यायला सारे अंगण मोकळे असते.

‘सुडो’इतकाच दुसरा एक उपाय सर्रास सुचवला जातो : ७७७. परवानग्या अंकांत लिहिताना वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ मोजतात. तिन्हींची बेरीज ७. मालक, गट आणि इतर अशा तिघांनाही ७ देणे म्हणजे दाराची बिजागरेच काढून ठेवणे. साधन बसते, पण त्या फोल्डरात यापुढे कोणतीही आज्ञावली काहीही लिहू शकते. काही साधने तर अशी उघडी पडलेली गुप्त किल्ली पाहून काम करायलाच नकार देतात आणि विद्यार्थ्यासमोर नवी अडचण उभी राहते.

मग खरा उपाय कोणता? तो शोधायला आधी संदेश पूर्ण वाचावा लागतो. त्यात नाकारलेल्या जागेचा पत्ता बहुधा लिहिलेला असतो. तो पत्ता प्रणालीच्या मुख्य फोल्डराचा असेल, तर साधनाला आपल्या घरी, म्हणजे गृह-फोल्डरात, जागा करून द्यावी. पत्ता स्वतःच्या गृह-फोल्डरातलाच असूनही नकार येत असेल, तर तो पूर्वी ‘सुडो’ने केलेल्या कामाचा मागमूस असतो. तेव्हा काही फाइली रूटच्या नावे निर्माण झाल्या आणि घरात परक्याचे कपाट राहून गेले. येथे ‘सुडो’ एकदाच, नेमक्या त्या फोल्डराची मालकी स्वतःकडे परत घेण्यासाठी वापरणे योग्य ठरते. आणि उतरवून घेतलेली फाइल वाचता येते पण चालत नाही, अशी तक्रार असेल, तर तिच्यावर चालवण्याची खूण नसते. विश्वासाच्या ठिकाणाहून ती आली असेल तर मालकाने तेवढीच एक खूण द्यावी. तीन कारणे, तीन वेगळे उपाय; संदेश मात्र एकच.

आपल्या घरी जागा करण्याच्या वाटा गेल्या दोन दशकांत चांगल्याच रुळल्या. मूळ संहितेपासून साधन बांधताना ‘प्रीफिक्स’ या पर्यायाने गृह-फोल्डरातील जागा सांगता येते, ही रीत तर फार जुनी. मॅकवरील होमब्रू २००९ मध्ये आली. तिला ‘सुडो’ लावले तर ती कामच करीत नाही. एनपीएमसाठी गृह-फोल्डरातील जागा ठरवून देता येते किंवा नोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन वापरता येते. पायथनमध्ये २००७ च्या सुमारास ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ आले आणि २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून ‘व्हेन्व्ह’ भाषेतच सामावले गेले : प्रत्येक प्रकल्पाला त्याची वेगळी खोली. नव्या जागेचा पत्ता शोधमार्गात, म्हणजे ‘पाथ’मध्ये, नोंदवणे तेवढे विसरू नये. ते विसरले की परवानगीची तक्रार जाऊन ‘आज्ञा सापडली नाही’ अशी दुसरी तक्रार येते आणि नवखा माणूस दोन्हींची गल्लत करतो.

पायथनची खोली वेगळी का असावी, याचे उत्तर २०२३ मध्ये अनेकांना अनपेक्षितपणे मिळाले. त्या वर्षी आलेल्या डेबियन १२ या लिनक्स वितरणात ‘पिप’ने थेट प्रणालीच्या पायथनमध्ये काही बसवायला गेले, की हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते असा नकार मिळू लागला. प्रणालीची स्वतःची काही साधने त्याच पायथनवर चालतात. विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी एखाद्या ग्रंथालयाची नवी आवृत्ती तेथे कोंबली, तर संगणकाची स्वतःची हत्यारे मोडू शकतात. पाण्याची मुख्य वाहिनी आणि आपल्या मोरीचा नळ यांतला हा फरक यंत्राने अखेर स्पष्ट बोलून दाखवला.

सामायिक महासंगणकांवर तर यावाचून दुसरी वाटच नव्हती. एकाला साधनाची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी, आणि रूटचा अधिकार दोघांनाही नाही. १९९१ मध्ये पुढे आलेल्या ‘मॉड्यूल्स’ पद्धतीने दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून हवी ती निवडण्याची सोय केली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ‘स्पॅक’चे काम सुरू झाले, संशोधक त्याद्वारे आपली संपूर्ण साधनसाखळी स्वतःच्या जागेत बांधू शकतो. त्याच वर्षी डॉकर आले, पण त्याची रचना रूटच्या अधिकारावर विसंबलेली असल्याने महासंगणकांचे व्यवस्थापक ते दारात घेईनात. त्या अडचणीतून बर्कली प्रयोगशाळेत ग्रेगरी कर्ट्झर यांनी ‘सिंग्युलॅरिटी’ घडवले. त्याचाच एक वारस आज ‘अ‍ॅपटेनर’ या नावाने चालतो. बाहेर जो सामान्य वापरकर्ता, तो पेटीच्या आतही सामान्यच राहतो, हे त्याचे मूळ सूत्र.

नकारातून स्वतःची जागा घडवण्याचा एक मोठा धडा भारतीय महासंगणनाच्या इतिहासातही आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताला हवा तेवढा शक्तिशाली क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. हवामान अंदाजासाठी कमी क्षमतेचा, वापरावर निर्बंध असलेला क्रे मिळाला. १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, पुण्यात उभे राहिले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. २०१५ मध्ये ४५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाला मंजुरी मिळाली. आजचा ‘परम रुद्र’ त्याच वाटेवर उभा आहे.

या शिस्तीचा लाभ सुरक्षिततेपुरता मर्यादित नाही. प्रकल्पाची खोली वेगळी ठेवली, की तिच्यात कोणती साधने, कोणत्या आवृत्तीची आहेत, याची यादी एका छोट्या फाइलीत उतरवता येते. ती यादी दुसऱ्या यंत्रावर नेली की तीच खोली पुन्हा उभी करता येते. प्रणालीच्या फोल्डरांत ‘सुडो’ने विखुरलेल्या साधनांची अशी यादी कोणाजवळच नसते, सहा महिन्यांनी तोच आलेख पुन्हा काढायचा झाला, तर खुद्द कर्त्यालाही तो काढता येत नाही. ज्या निष्कर्षाची पुनरावृत्ती करता येत नाही, त्यावर विज्ञानात कोणी भिस्त ठेवत नाही.

सेक्टर २ पासून फार दूर नसलेल्या दुर्गजवळच्या कुटेलाभाटा येथे भिलाईच्या आयआयटीचा कायमचा परिसर २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. कारखान्याच्या नगरीतील मुले आता संशोधनाच्या यंत्रांपर्यंत घराजवळच पोहोचू शकतात. त्यांपैकी एखाद्याच्या लॅपटॉपवर रात्री ते दोन शब्द उमटतील, तेव्हा त्याने ‘सुडो’ टंकण्यापूर्वी नाकारलेल्या जागेचा पत्ता वाचावा. ती जागा आपली नसेल तर गृह-फोल्डरात प्रकल्पाची खोली काढावी आणि साधनांची यादी लिहून ठेवावी. उद्या महासंगणकाच्या दारात किल्ली कोणी दिली नाही, तरी ती यादी घेऊन त्याला आत बसता येईल.